लस टोचली, पण खाद्यातलं औषध कधी काढणार?

प्रश्न असा: डुकरांचा कळप, 60 माद्या. दूध तोडल्यावर आठवडाभरात पिल्लांना हगवण लागते आणि पुढे तीन-चार महिन्यांच्या डुकरांमध्ये खोकला सुरू होतो. म्हणून लहान पिल्लांच्या खाद्यात कोलिस्टिन आणि वाढत्या डुकरांच्या खाद्यात टेट्रासायक्लीन कायम चालू. आता चार लसींची यादी हातात आली आहे. सगळ्या टोचल्या तर अँटिबायोटिक बंद करता येतील का, आणि किती दिवसांत?

बरीचशी बंद करता येतील. पण त्यासाठी चारही लसी लागतीलच असं नाही, आणि काम दिवसांत होणारं नाही. सहा महिने धरून चाला.

लस आणि अँटिबायोटिक यांची सरळ अदलाबदल होत नाही. टेट्रासायक्लीन अनेक जिवाणूंवर थोडंफार चालतं, त्यामुळे निदान न करता खाद्यात टाकलं तरी काहीतरी फरक दिसतो आणि ते चालूच राहतं. लस मात्र एकाच जिवाणूवर किंवा विषाणूवर चालते, बऱ्याचदा त्याच्या एखाद्याच उपप्रकारावर. निदान चुकलं तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला. लसी जास्त टोचणाऱ्या फार्मवर अँटिबायोटिकचा खप कमीच असतो असंही नाही. कधी कधी दोन्ही जास्त असतात, कारण ज्याच्याकडे रोगराई जास्त तो दोन्ही वाढवत जातो. त्यामुळे 'किती लसी' हा प्रश्नच मी बाजूला ठेवतो. कोणतं औषध, कोणत्या वयात, कशासाठी चाललंय, एवढं आधी लिहून काढा.

लिहून काढा म्हणजे खरंच कागदावर. गेल्या तीन महिन्यांची औषधांची बिलं, खाद्याच्या पोत्यावरचा मजकूर आणि शेडमध्ये इंजेक्शन देणाऱ्या माणसाची वही, असं सगळं समोर घ्या. एका आडव्या रेषेवर वयाचे आठवडे मांडा, जन्मापासून विक्रीपर्यंत, आणि प्रत्येक औषध त्याच्या आठवड्यात टाका. दोन गोष्टी हमखास बाहेर येतात. एक, खाद्यातलं औषध कुणी, कधी आणि कशासाठी सुरू केलं हे कुणालाच आठवत नाही. दोन, एकूण औषधातलं बहुतेक औषध एक-दोन ठिकाणीच खर्च होतंय, सहसा दूध तोडल्यानंतरच्या पंधरवड्यात आणि वाढीच्या मधल्या टप्प्यात. लसीने हात घालायचा तो तिथेच.

आता तुमची हगवण. दूध तोडल्यावर तीन ते दहा दिवसांत लागणारी पाण्यासारखी हगवण बहुतेक वेळा विष तयार करणाऱ्या ई. कोलाय जिवाणूची असते. पण 'बहुतेक वेळा' यावर लस विकत घेऊ नये. रोटाव्हायरसही याच सुमारास येतो, आणि त्याला कोलिस्टिन काय, कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नाही. नुकती हगवण लागलेल्या, अजून औषध न मिळालेल्या चार-पाच पिल्लांचे नमुने घ्या. दहा दिवस उपचार घेऊन खंगलेल्या पिल्लाचा नमुना पाठवण्यात अर्थ नाही. अहवालात नुसतं 'ई. कोलाय आढळला' असं आलं तर तो परत पाठवा, ई. कोलाय प्रत्येक निरोगी डुकराच्या आतड्यातही असतो. आपल्याला हवं ते हे: त्याच्यावर कोणते चिकटतंतू (आतड्याला चिकटायचे धागे) आहेत, एफ4 की एफ18, आणि तो कोणती विषं तयार करतो. त्यावरच लस ठरते. एफ18 सोबत एसटीएक्स2ई हे विष असेल तर तो सूज रोग. त्यात पापण्या सुजतात, पिल्लं झोकांड्या खातात आणि हगवण न होताही मरतात. त्याची लस वेगळी, आणि ती आयुष्याच्या पहिल्याच आठवड्यात टोचता येते.

इथे एक गैरसमज नेहमी आडवा येतो. "आम्ही माद्यांना ई. कोलायची लस देतो, तरी पिल्लं हगतात." माद्यांना विण्याच्या आधी साधारण पाच-सहा आठवडे आणि पुन्हा दोन-तीन आठवडे अशी जी लस देतात, ती नवजात पिल्लांच्या हगवणीसाठी. मादीच्या रक्तातली प्रतिद्रव्यं चिकात आणि दुधात उतरतात, पिल्लू पितं तोवर आतड्यात संरक्षण असतं. दूध तुटलं की तेही तुटलं. दूध तोडल्यानंतरच्या हगवणीसाठी पिल्लाच्या स्वतःच्या आतड्यात प्रतिकार तयार व्हावा लागतो, आणि तो तोंडावाटे दिलेल्या जिवंत, निरुपद्रवी ई. कोलायच्या लसीने होतो. ही लस 18 दिवसांच्या वयापासून देता येते, परिणाम दिसायला सुमारे आठवडा लागतो आणि संरक्षण तीन आठवडे टिकतं. हिशेब करा: 28 दिवसांना दूध तोडत असाल तर 19-20 व्या दिवशी लस बरोबर बसते. 21 दिवसांना तोडत असाल तर हगवण आधी आणि संरक्षण नंतर, असं होतं. अशा फार्मवर मी लसीच्या आधी दूध तोडायचं वय वाढवायला सांगतो. हा सल्ला फारसा आवडत नाही, पण एक आठवड्याने मोठं आतडं जे करतं ते कोणतीही बाटली करत नाही.

खोकल्याचं निदान जिवंत डुकराकडे बघून करू नका. विक्रीला गेलेल्या लॉटमधली किमान तीसेक फुप्फुसं कत्तलीच्या ठिकाणी उघडी बघा. पुढच्या आणि खालच्या पाळ्या जांभळट-करड्या, घट्ट, हवा नसलेल्या झाल्या असतील तर मायकोप्लाझ्मा हायोन्युमोनी या जिवाणूचा संशय. मागच्या-वरच्या भागात काळपट, मेलेल्या ऊतींच्या गाठी आणि वर फुप्फुसाचं आवरण बरगडीला चिकटलेलं असेल तर अ‍ॅक्टिनोबॅसिलस प्ल्युरोन्युमोनी हा दुसरा जिवाणू. दोन्हींची लस वेगळी, वेळ वेगळी. पेनिसिलिन गटातली औषधं जिवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतात, आणि मायकोप्लाझ्माला ती भित्तिकाच नसते, त्यामुळे त्या गटातलं काहीही त्याच्यावर चालत नाही. तरी खोकल्यावर त्याच गटातलं अमॉक्सिसिलिन देणारे फार्म मला नेहमी भेटतात. ते औषध चालल्यासारखं वाटतं कारण मागाहून आलेले दुय्यम जिवाणू त्याने मरतात. मूळ तसंच राहतं, आणि पुढच्या बॅचला पुन्हा तेच.

मायकोप्लाझ्माची लस एक ते तीन आठवड्यांच्या पिल्लांना देतात. तिची मर्यादा आधीच सांगतो: ती जिवाणूला श्वासनलिकेत बसण्यापासून रोखत नाही, फुप्फुसाचं नुकसान कमी करते. खोकला शून्यावर येणार नाही. पण फुप्फुस शाबूत राहिलं की दुय्यम जिवाणूंना जागा मिळत नाही, आणि तुमचं टेट्रासायक्लीन खर्च होतं ते बहुतांशी त्यांच्यावरच.

हीच गोष्ट सर्कोव्हायरस 2 बाबतीत जास्त ठळकपणे दिसते. हा विषाणू, म्हणजे अँटिबायोटिकचा त्याच्याशी थेट संबंध नाही. पण तो लसिका ग्रंथी पोखरतो, प्रतिकारशक्तीच खाली आणतो, आणि मग जे साधे जिवाणू एरवी गप्प बसले असते ते डोकं वर काढतात. 2006 च्या सुमारास या लसी बाजारात आल्यावर अनेक कळपांतली मरतुक आणि खुरटलेल्या डुकरांची संख्या झपाट्याने उतरली. तुमच्या यादीत सर्कोची लस असेल आणि आजवर दिली नसेल, तर चारांत तिला मी पहिला नंबर देईन. साधारण तीन आठवड्यांच्या वयात, बहुतेक उत्पादनांत एकच डोस, आणि मायकोप्लाझ्मासोबतची एकत्रित लसही मिळते.

टेट्रासायक्लीनचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे लॉसोनिया हा आतड्याचा जिवाणू. वाढत्या डुकरांची करड्या, शेणासारख्या विष्ठेची हगवण, एकाच वयाची डुकरं लहान-मोठी दिसणं, खाद्य खाऊनही वजन न धरणं. शवविच्छेदनात लहान आतड्याचा शेवटचा भाग हातात घ्या. तो पाण्याच्या रबरी नळीसारखा जाड आणि ताठ लागतो, आतून घड्या पडलेल्या. एकदा बोटांना कळलं की पुन्हा चुकत नाही. डेन्मार्कमधल्या एका कळपात ही लस दिल्यावर या आजारासाठी लागणारं ऑक्सिटेट्रासायक्लीन जवळपास चार-पंचमांशाने कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं आहे. प्रत्येक फार्मवर इतका फरक पडेल असं मी म्हणणार नाही, पण लॉसोनिया खरंच असेल तर अँटिबायोटिक सर्वांत लवकर उतरतं ते इथेच.

ही लस तोंडावाटे, पाण्यातूनही देता येते, आणि ती बहुतेक वेळा इथेच वाया जाते. लस जिवंत जिवाणूची आहे. तीन दिवस आधी, त्या दिवशी आणि तीन दिवस नंतर अँटिबायोटिक पूर्ण बंद हवं; खाद्यातलंही, पाण्यातलंही आणि इंजेक्शनचंही. आता बघा, जिथे टेट्रासायक्लीन खाद्यात बारा महिने आहे तिथे ही लस दिली तर काय होईल? लस मरते, आजार राहतो, आणि "लस चालत नाही" असा निष्कर्ष निघतो. पाण्यात क्लोरीन असेल तर त्यानेही ती मरते. देण्याआधी दोन तास पाणी तोडा म्हणजे डुकरं तहानलेली असतील. डुकरं ज्यातून पाणी पितात त्या निप्पलच्या नळ्या आदल्या दिवशी धुऊन घ्या, आणि आम्लाचा किंवा जंतुनाशकाचा डोस चालू असेल तर तो थांबवा. पाण्यात आधी सायीविरहित दुधाची पावडर किंवा सोडियम थायोसल्फेट मिसळा, मग लस. चार तासांत सगळं पाणी संपलं पाहिजे. शेवटच्या कप्प्यातल्या निप्पलमधून पांढरट पाणी येतंय का, हे स्वतः दाबून बघा. टाकीजवळ उभं राहून "झालं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

इंजेक्शनच्या लसीतही बारीकसारीक गोष्टीच खेळ बिघडवतात. 2 ते 8 अंश तापमान सगळ्यांना पाठ असतं, पण सगळे उष्णतेलाच घाबरतात. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेली, एका रात्रीत गोठलेली बाटली त्याहून धोक्याची, कारण अ‍ॅल्युमिनियमयुक्त लस गोठून वितळली की बाहेरून जवळपास तशीच दिसते आणि कामाची उरत नाही. फ्रिजमध्ये किमान-कमाल दाखवणारा तापमापक ठेवा. सुई पिल्लाला साधारण 16 मिलिमीटरची, मोठ्या मादीला 38 ची. मादीच्या मानेवर चरबीचा थर असतो, आखूड सुईने लस चरबीतच राहते. टोचायचं कानामागे, काटकोनात. सुई काढल्यावर थेंब बाहेर आला तर डोस गेला असं समजा. निदान प्रत्येक वेताला सुई बदला. आणि ज्या दिवशी दूध तोडायचं, गट मिसळायचे, खाद्य बदलायचं, त्या दिवशी लस नको. लसीने एक-दोन दिवस अंगात कणकण येते, पिल्लू खाद्य कमी खातं. त्यात आईपासून तुटणं आलं तर तुम्हीच हगवणीला आमंत्रण दिलं.

लसीच्या यादीत नसलेली, फुकटची लस म्हणजे चीक. डुकराच्या नाळेतून प्रतिद्रव्यं जात नाहीत, पिल्लू कोरं जन्माला येतं. पहिल्या 24 तासांत त्याला 200 ते 250 ग्रॅम चीक मिळायला हवा, आणि त्यानंतर आतडं ती प्रतिद्रव्यं रक्तात जाऊ देत नाही. मोठ्या वेतात आधी जन्मलेली धष्टपुष्ट पिल्लं सड अडवून बसतात. पोट भरलेल्यांना तास-दीड तास ऊबदार पेटीत बाजूला ठेवा, बारक्यांना पाजा. पहिलारू माद्यांच्या वेतांवर जास्त लक्ष द्या. त्यांच्या चिकात तुमच्या फार्मच्या जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्यं कमी असतात आणि बहुतेक फार्मवर इंजेक्शनं याच पिल्लांना जास्त लागतात. मादीला लस देऊन पिल्लाला चीक न पाजणं म्हणजे पैसे नालीत. चिकाची दुसरी बाजूही आहे: पिल्लाच्या रक्तात आईची प्रतिद्रव्यं भरपूर असताना दिलेली लस काही आजारांत दबून जाते. क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य तापाच्या जिवंत लसीत हे ठळकपणे दिसतं. म्हणून 'दुसऱ्या फार्मवर तिसऱ्या आठवड्यात देतात' हे कारण पुरेसं नाही. तुमच्या माद्यांना काय आणि कधी दिलंय, त्यावर पिल्लांचा दिवस ठरतो.

कोलिस्टिन आधी काढा, आणि त्यासाठी लसीच्या निकालाची वाट बघत बसू नका. 2015 मध्ये चीनमधल्या संशोधनातून एमसीआर-1 हा जनुक समोर आला, जो एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारून कोलिस्टिनचा प्रतिकार पसरवतो. माणसांत जेव्हा बाकी सगळं हरतं तेव्हा हेच औषध उरतं. चीनने 2017 मध्ये जनावरांच्या वाढीसाठी त्याचा वापर थांबवला, भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर बंदी घातली. तुमच्याकडे नियम काय आहे तो बघाच. नियम काही असो, खाद्यात कायमचं कोलिस्टिन याचं समर्थन मी करणार नाही. त्याच्या जागी झिंक ऑक्साइडचा मोठा डोस सुचवला जाईल. तो हगवणीवर चालतो हे खरं, पण जस्त शेणातून जमिनीत साठतं आणि जिवाणूंतला प्रतिकारही वाढवतं. युरोपीय संघाने औषधी मात्रेतला त्याचा वापर जून 2022 पासून बंद केला आहे.

टेट्रासायक्लीन मात्र टप्प्याटप्प्याने. लस दिलेली पहिली बॅच खोकल्याच्या वयाला पोचायला दहा-बारा आठवडे लागतात. त्याआधी मोठ्या डुकरांचं औषध काढलं तर लस न दिलेल्या डुकरांचं काढल्यासारखं होईल. लस दिलेली बॅच शक्यतो वेगळ्या खोलीत, आधीची पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाळवून भरा. शेजारी लस न दिलेली मोठी डुकरं खोकत असतील तर लसीची परीक्षा अवघड होते. मग त्या बॅचच्या खाद्यातून औषध काढण्याची तारीख ठरवा, आणि ती खाद्य बनवणाऱ्याला लेखी द्या. हे फार बारीक वाटतं, पण लस उत्तम चालूनही अँटिबायोटिक कमी न होण्याचं मी पाहिलेलं सर्वांत सामान्य कारण हेच आहे: काढायला कुणी सांगितलंच नाही.

औषध काढल्यावर काय झालं तर परत द्यायचं, हेही आधीच ठरवा. घाबरलेल्या माणसाचा निर्णय नेहमी 'सगळ्यांना द्या' असाच असतो. मी सहसा असं ठेवतो: सुटे आजारी प्राणी दिसले तर त्यांनाच इंजेक्शन, एकाच दिवशी खोलीतल्या दहांत एकाहून जास्त आजारी असतील तर त्या खोलीला पाण्यातून, ठरावीक दिवस, पूर्ण मात्रेत, आणि आधी नमुना. खाद्यातून नाही. आजारी डुक्कर खायचं सोडतं, पाणी बराच काळ पितं. खाद्यातलं औषध निरोग्यांच्या पोटात जास्त आणि आजाऱ्यांच्या पोटात कमी जातं.

खप मोजताना नुसते ग्रॅम मोजू नका. ऑक्सिटेट्रासायक्लीन तोंडावाटे किलोला 20 ते 40 मिलिग्रॅम लागतं, एन्रोफ्लॉक्सासिन 2.5. पहिलं सोडून दुसरं घेतलं तर वजनात मोठी घट दिसते, प्रत्यक्षात तुम्ही माणसांसाठी जास्त महत्त्वाचं औषध जाळताय. किती डुकरांना किती दिवस औषध दिलं, हे मोजा. डेन्मार्कने 2010 मध्ये आणलेल्या 'यलो कार्ड' पद्धतीत असेच दैनंदिन डोस मोजतात, मर्यादा ओलांडणाऱ्या फार्मला इशारा जातो, आणि नंतर फ्लोरोक्विनोलोनसारख्या (एन्रोफ्लॉक्सासिन याच गटातलं) औषधांना हिशेबात कितीतरी पट जास्त वजन दिलं गेलं. त्या देशाने 1995 पासूनच पशुवैद्यकाच्या औषधविक्रीतल्या नफ्यावर कडक मर्यादा आणली होती. सल्ला देणारा आणि बाटली विकणारा एकच असेल तर यादी चार लसींची का होते, हे समजणं अवघड नाही. आम्ही पशुवैद्यक याला अपवाद नाही.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा निघतो. या आठवड्यात नमुने आणि फुप्फुसांची तपासणी. अहवाल येईपर्यंत चीक, दूध तोडायचं वय, खोली रिकामी करून धुणं यांवर काम. सर्को, आणि फुप्फुसांनी सांगितलं तर सोबत मायकोप्लाझ्मा. एफ4 किंवा एफ18 सापडला तर तोंडावाटेची ई. कोलाय लस. लॉसोनिया आतड्यात दिसला तरच त्याची. यादीत स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जिवाणूची लस असेल तर तूर्त थांबा. त्याचे उपप्रकार खूप, सगळ्यांना पुरून उरेल अशी लस नाही, आणि फार्मच्या स्वतःच्या जंतूपासून बनवलेली लस घ्यायची झाली तर नमुना मेंदूच्या आवरणातून किंवा सांध्यातून घ्यावा लागतो. नाकातून किंवा टॉन्सिलमधून घेतलेला स्ट्रेप्टोकॉकस बहुधा तिथे नुसताच राहणारा असतो, त्याची लस टोचून काही हाती लागत नाही. मेलेलं पिल्लू उघडताना हातमोजे घाला. हा जंतू माणसालाही मेंदूज्वर देतो आणि त्यातून कायमचा बहिरेपणा येऊ शकतो.

सहा महिने का म्हणालो? मादीचं एक चक्र, गाभणपणाचे 114 दिवस, दूध पाजण्याचे 28, आणि पुन्हा माजावर यायचा आठवडा, म्हणजे जवळपास पाच महिने. माद्यांच्या लसीत काही बदल केला तर सगळ्या माद्या त्यातून जायला एवढा वेळ लागतोच, आणि पिल्लांच्या लसीचा निकाल त्यांच्या वाढीच्या वयात कळतो. मधल्या काळात लसीचा आणि औषधाचा खर्च एकत्र अंगावर येईल. तो किती बॅच सोसायचा हे आजच ठरवा आणि खाद्यातून औषध काढण्याच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.